स्मरणचित्राची वही : प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट

गेल्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. 31 वर्षं चित्रकला शिकवली, तीही पाचवी ते दहावीच्या वर्गांना. ऑफ तासाला गणिताच्या किंवा इंग्रजीच्या बाई आल्या नाहीत की चित्रकलेच्या बाईंना पाठवायचं, अशा शाळेत. ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षक पदविका, करताना आमच्या सरांनी एका जाड पुस्तकातलं ब्रॉयगेल या सोळाव्या शतकातल्या चित्रकाराचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र दाखवलं होतं. हाताच्या पंजाएवढी छपाई, रंग उडालेले. तेव्हापासून ते मूळ चित्र एकदा समोर उभं राहून बघायचं होतं. यांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. "तू जा, मी घर बघतो," म्हणाले. मुलीने तिकिटं काढून दिली. बहिणीने मात्र चार वेळा फोन करून विचारलं, "एकटी? खरंच एकटी?"

सोबत घेतलं ते एवढंच: दहा दिवसांचे कपडे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, 4बी पेन्सिली, जलरंगांची छोटी डबी आणि एक कोरी वही. रोज निदान एक चित्र काढायचं, फोटो नंतर, असं ठरवलं होतं.

पहिला दिवस : प्राग

दोह्यावरून प्रागला पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. ऊन होतं, पण त्याला धग नव्हती. मुक्काम नामेस्ती मीरू चौकाजवळ. तिथल्या मेट्रो स्टेशनचा सरकता जिना 87 मीटर लांब आहे. खालून वर बघितलं तर शेवट दिसत नाही. बॅग दोन पायांमध्ये धरून मी कठडा घट्ट पकडला. शेजारून शाळेतली मुलं धडाधड पायऱ्या चढत गेली.

मुक्कामाच्या दारावर आकड्यांचं कुलूप होतं आणि मला पाठवलेला आकडा काही लागेना. मालकाचा फोन बंद. पाऊण तास पायरीवर बसले. अंधार पडायला लागला तसा पोटात गोळा आला, हे लपवत नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एक आजी पिशवी घेऊन आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चेक येत नव्हतं. मी फोनवरचा पत्ता दाखवला. त्यांनी दार उघडलं, मला आत घेतलं आणि खुर्ची दिली. मग मालकाला कुठून कुठून फोन लावून चांगलं झापलं. भाषा कळली नाही, पण सूर ओळखीचा होता. वहीतलं पहिलं चित्र त्या खुर्चीवर बसूनच काढलं: आजींची पिशवी, आणि तिच्यातून डोकावणारी कांद्याची पात.

दुसरा दिवस : प्राग

पहाटे सहाला चार्ल्स पुलावर गेले. आठनंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते, असं ऐकलं होतं. सम्राट चौथ्या चार्ल्सने 1357 साली या पुलाचा पाया घातला. पूल 516 मीटर लांब आहे आणि दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे किंवा पुतळ्यांचे समूह आहेत. धुक्यात ते आधी नुसते काळे आकार दिसतात. मग हळूहळू एखाद्याचा हात, एखाद्याचा क्रूस, एखाद्याची घडीदार वस्त्रं उमटत जातात. छायाप्रकाश शिकवायला याहून चांगला फळा मिळणार नाही. बोटं इतकी गारठली की पेन्सिल मुठीत धरूनच रेषा ओढल्या.

दुपारी ज्यूंच्या जुन्या वस्तीतलं पिंकास सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ. आत मूर्ती नाही, चित्र नाही. भिंतींवर फक्त नावं आहेत, जमिनीपासून वरपर्यंत, एका दालनातून दुसऱ्या दालनात. बोहेमिया आणि मोराव्हिया या प्रांतांतल्या, नाझींनी मारलेल्या जवळजवळ 80 हजार ज्यूंची. सगळी हाताने लिहिलेली, लाल आणि काळ्या रंगांत. दोन चित्रकारांनी 1954 ते 1959 अशी पाच वर्षं ती रंगवली. 1968 साली ओलीमुळे इमारत बंद झाली आणि भिंती खराब झाल्या. साम्यवादी राजवट गेल्यानंतर, 1992 ते 1996 या काळात, ती सगळीच्या सगळी नावं पुन्हा लिहिली गेली.

मी अक्षरलेखन शिकवलं आहे. एका ओळीत अक्षरांची उंची सारखी ठेवताना मुलांचे हात कसे भरून येतात ते मला माहीत आहे. 80 हजार नावं, दोनदा. भिंतीच्या जवळ गेलं की कुठे कुंचल्यात रंग संपत आला आणि पुन्हा बुडवला तेही दिसतं. बरोबर कुणी असतं तर 'चला, पुढे बघायचंय' म्हणालं असतं. मी तिथे दोन तास होते.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं लावली आहेत. तेरेझिनच्या घेटोमध्ये, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, ठेवलेल्या मुलांची. त्यांच्या शिक्षिकेचं नाव वाचलं, फ्रीडल डिकर-ब्रांडाइस, आणि उद्याचा बेत बदलला. उद्या किल्ला नाही, तेरेझिन.

तिसरा दिवस : तेरेझिन

प्रागच्या उत्तरेला साधारण 60 किलोमीटर. होलेशोविसे स्टेशनजवळून बस सुटते, तासाभरात पोचते. सम्राट दुसऱ्या योसेफने अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे तटबंदीचं गाव, आई मारिया थेरेसाच्या नावाने. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, मधोमध चौक, चौकात चर्च. सैनिक धरून सात-एक हजार माणसांचं गाव. नोव्हेंबर 1941पासून नाझींनी त्याचा घेटो केला आणि 1942च्या शरदात इथे 50 हजारांहून जास्त माणसं कोंबली होती. इथून पुढे गाड्या पूर्वेकडे जायच्या, ऑश्विट्झच्या मृत्युछावणीला.

गाव आजही वस्तीचं आहे. चौकात एक बाई कुत्रा फिरवत होत्या. दुकानाबाहेर दोन मुलगे सायकली लावून चिप्स खात होते. चर्चच्या बाजूला एक मोठी पिवळसर इमारत आहे, तिचा त्या काळचा क्रमांक एल 410. तिथे मुलींना ठेवलं होतं आणि तिथेच फ्रीडल चित्रकला शिकवायच्या.

त्यांच्याविषयी इथे आणि नंतरही जेवढं वाचलं ते सांगते, कारण या प्रवासात मला भेटलेलं सगळ्यांत मोठं माणूस त्याच आहेत. जन्म 1898चा, व्हिएन्नातला. चित्रकार-शिक्षक योहानेस इटेन यांच्याकडे शिकल्या आणि त्यांच्यामागून वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत गेल्या. विणकाम, छपाई, फर्निचर, रंगभूमीची नेपथ्यं, सगळं केलं. डाव्या चळवळीत असल्यामुळे व्हिएन्नात तुरुंगवास झाला, मग प्रागला आल्या. डिसेंबर 1942मध्ये त्यांना आणि पती पाव्हेल यांना तेरेझिनला पाठवलं. माणशी 50 किलो सामान नेता येत होतं. त्यांनी त्यात कागद आणि रंग भरले होते.

इथे कागद मिळत नव्हता. मुलांची चित्रं कचेरीतल्या छापील फॉर्मच्या पाठीवर आहेत, बांधणीच्या कागदावर आहेत. फॉर्म फाडून, त्याचेच तुकडे चिकटवून केलेली कोलाजं आहेत. एका चित्रात आकडे आणि रकाने छापलेल्या पट्टीचीच शेतं झाली आहेत. फ्रीडल मुलांना नक्कल करायला लावत नसत. आधी हात मोकळा करायला लयीच्या रेषा, मग ऐकलेल्या गोष्टीवरून चित्र, मग आठवणीतलं. म्हणून खोलीतल्या झोपायच्या तीन मजली लाकडी फळ्यांच्या चित्रांपेक्षा तिथे घरं जास्त दिसतात. टेबलावर दिवा. खिडकीत कुंडी. डोंगर, फुलपाखरं, आगगाडी, आई.

आमच्याकडे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांमध्ये याला स्मरणचित्र म्हणतात. विषय ठरलेले: बाजाराचं दृश्य, नळावर पाणी भरणाऱ्या बायका, पतंग उडवणारी मुलं. मी मुलांना वर्षानुवर्षं युक्त्या शिकवल्या. पुढची माणसं मोठी काढा, मागची लहान, कोपऱ्यात झाड टाका म्हणजे जागा भरते. अ श्रेणी मिळायची. स्मरण या शब्दाकडे मी 31 वर्षांत नीट बघितलंच नव्हतं. तेरेझिनच्या त्या दालनात तो शब्द मला पहिल्यांदा समजला.

आणखी एक. परीक्षेच्या कागदावर आम्ही मुलांना नाव लिहू देत नाही, फक्त बैठक क्रमांक. तपासणीत पक्षपात होऊ नये म्हणून ते योग्यच आहे. फ्रीडल मात्र मुलांना प्रत्येक चित्रावर आपलं नाव लिहायला सांगायच्या. घेटोत माणसाला क्रमांक मिळायचा, चित्रावर मात्र नाव. त्या नावांमुळे आज कुठलं चित्र कुणाचं ते कळतं, आणि ते मूल पुढे कुठल्या गाडीत गेलं तेही.

सप्टेंबर 1944च्या अखेरीस पाव्हेल यांना पुढच्या छावणीत नेलं. त्यांच्यामागे जाता यावं म्हणून फ्रीडल यांनी पुढच्या गाडीसाठी आपणहून नाव दिलं. जाण्याआधी दोन सूटकेसमध्ये मुलांची जवळपास साडेचार हजार चित्रं भरून ठेवली. ऑश्विट्झला त्यांना ऑक्टोबर 1944मध्ये मारण्यात आलं. पाव्हेल वाचले. सूटकेस युद्धानंतर प्रागला पोचल्या. काल पिंकासच्या वरच्या मजल्यावर बघितली ती त्यांच्यातलीच चित्रं.

परतीच्या बसला चाळीस मिनिटं होती. मी चौकातल्या बाकावर बसून एल 410 काढायला घेतली. खिडक्या मोजून काढल्या, एकही गाळली नाही. त्या दिवशी जेवण सुचलं नाही. रात्री मेतकूट-भात करून खाल्ला.

चौथा दिवस : प्राग ते व्हिएन्ना

सकाळी किल्ल्याच्या आवारातल्या लोबकोविट्झ राजवाड्यात फक्त एका चित्रासाठी गेले: ब्रॉयगेलची 'गवतकापणी'. ब्रॉयगेलने 1565 साली अँटवर्पच्या एका व्यापाऱ्यासाठी ऋतूंची मालिका रंगवली. तिच्यातली पाच चित्रं आज शिल्लक आहेत. एक इथे, तीन व्हिएन्नाला, एक न्यूयॉर्कला. या चित्रात तीन बायका खांद्यावर दाताळी घेऊन चालल्या आहेत, आणि मधली सरळ आपल्याकडे बघते. आमच्याकडे भातकापणीला निघालेल्या बायका रस्त्यावरच्या एस.टी.कडे अशाच मान वळवून बघतात.

दुपारची गाडी. चार तास, ब्रनो आणि ब्रेत्स्लाव्हवरून. खिडकीबाहेर नांगरलेली काळी शेतं. मी झोपले.

पाचवा दिवस : व्हिएन्ना

दहाला दार उघडतं, मी साडेनऊलाच कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियमच्या पायऱ्यांवर होते. 1891 साली उघडलेलं हे संग्रहालय म्हणजे राजवाडाच आहे. संगमरवरी जिना, वर घुमट. मी कशाकडेही न बघता ब्रॉयगेलच्या दालनात गेले. त्याची आज उरलेली चित्रं चाळीसच्या आसपास, त्यांतली डझनभर इथे.

'बर्फातले शिकारी' माझ्या अंदाजापेक्षा मोठं निघालं, साधारण पावणेचार फूट बाय सव्वापाच. ओक लाकडाच्या फळीवर तैलरंग. पुस्तकात आकाश निळं छापलेलं आठवत होतं. ते निळं नाही. हिरवट राखाडी आहे, आणि खाली गोठलेल्या तळ्याचाही तोच रंग. वर-खाली एकच थंडी. तीन शिकारी पाठमोरे, दमलेले. एवढ्या कुत्र्यांच्या लवाजम्यानंतर हाती लागला तो एक कोल्हा. डावीकडे खाणावळीची पाटी एकाच आकड्यावर लोंबकळते आहे. खाली तळ्यावर मात्र लोक घसरत आहेत, खेळत आहेत. मधोमध एक पक्षी पंख पसरून उतरतो, आणि त्या एका पक्ष्यामुळे डोंगराचा कडा किती खोल आहे ते कळतं. सरांनी तेव्हा पक्ष्यावर बोट ठेवून म्हटलं होतं, "हा झाका." आम्ही झाकला आणि चित्र सपाट झालं. मी आज डोळा मिटून, अंगठा पुढे धरून, तो पक्षी पुन्हा झाकला. सर आठ वर्षांपूर्वी गेले.

समोर बाक आहे. पेन्सिलने चित्र काढायला कुणी हरकत घेत नाही. तासाभराने एक शाळा आली. दहा-अकरा वर्षांची मुलं जमिनीवर मांडी घालून बसली, ती मात्र दुसऱ्या चित्रासमोर, 'मुलांचे खेळ'. 1560चं. दोनशेहून जास्त मुलं आणि ऐंशीच्या घरात खेळ एकाच चौकात. त्यांच्या बाई प्रश्न विचारत होत्या, मुलं धावत जाऊन बोट दाखवत होती. मीही मागे उभी राहून शोधायला लागले. भोवरे सापडले. आंधळी कोशिंबीर सापडली. घोडा घोडा करून पाठीवरून उड्या मारणारे सापडले. काठीने चाक पळवणारा मुलगा सापडला. आणि डाव्या कोपऱ्यात अगदी पुढे दोघीजणी बसून हाडांच्या तुकड्यांनी खेळत आहेत, ते तर सरळ सागरगोटे. माझी आजी असाच झगा पसरून, असाच तळहात उलटा करून खेळायची. त्या बाईंशी नजरानजर झाली. मी त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून हाताने सागरगोटे उडवून झेलून दाखवले. दोन मुलींनी लगेच नक्कल केली. वर्गभर हात उडू लागले.

19 वर्षांखालच्या सगळ्यांना इथे प्रवेश फुकट आहे. हे लिहून ठेवते, कारण आपल्याकडची शाळेची सहल म्हटली की आधी वर्गणी आठवते.

संध्याकाळी पहारेकऱ्याने घंटेची खूण केली तेव्हा मी 'शिकारी'समोर तिसऱ्यांदा बसले होते. संग्रहालयातलं बाकी काही बघितलं नाही. त्याची रुखरुख नाही.

सहावा दिवस : व्हिएन्ना

पाय दुखत होते म्हणून सकाळभर एका कॉफीहाउसमध्ये बसले. चांदीसारख्या ट्रेमध्ये कॉफी येते, सोबत पाण्याचा पेला. पेला रिकामा झाला की न मागता दुसरा येतो. एका कपावर दोन तास बसलं तरी कुणी बिल पुढे सरकवत नाही. एकट्या बाईला कोपऱ्यातलं, खिडकीजवळचं टेबल दिलं आणि 'अजून कुणी येणार आहे का' असं विचारलं नाही, हे मला फार आवडलं. ते पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे. 1873मध्ये पहिली जलवाहिनी सुरू झाली, आणि पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने शहरात येतं. नळाचंच, पण चव लक्षात राहते.

रात्री ऑपेरा, उभं राहायच्या तिकिटावर. कठड्याला ओढणी बांधली की ती आपली जागा, मध्यंतरात कुणी तिला हात लावत नाही. मार्च 1945च्या बॉम्बहल्ल्यात ही वास्तू जळाली होती, 1955मध्ये पुन्हा उघडली. गाण्याची भाषा कळली नाही. दीड तास उभी राहिले आणि मग पायांनी नाही म्हटलं.

सातवा दिवस : बुडापेस्ट

पावणेतीन तासांची गाडी, केलेती स्टेशन. चलन तिसरं, भाषा तिसरी, आणि तिचा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी मेळ नाही. 'कसनम' म्हणजे धन्यवाद, एवढं घोकून घेतलं. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

अंधार पडताना डॅन्यूबच्या काठाने चालत गेले. संसदेपासून थोडं दक्षिणेला, अगदी पाण्याच्या कडेला, लोखंडाचे साठ जोडी बूट मांडले आहेत. 2005 साली बसवले. 1944-45च्या हिवाळ्यात इथल्या फॅसिस्ट टोळ्यांनी ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घातल्या, प्रेतं नदीत. बूट महाग असायचे म्हणून आधी काढून ठेवायला लावायचे. बायकांच्या टाचांचे, कामगारांचे, लहान मुलांचे. एका छोट्या बुटात कुणीतरी खाऊची गोळी ठेवली होती. मी पेन्सिल काढली होती, पण त्या बुटांचं चित्र काढलं नाही.

आठवा दिवस : बुडापेस्ट

सकाळी नदीच्या पलीकडे, बुडाच्या बाजूला, सिलागी देझ्यो चौकात गेले. लाल विटांचं चर्च, रंगीत कौलं, समोर नदी आणि पलीकडे संसदेचा घुमट. इथल्या 4 क्रमांकाच्या इमारतीत 30 जानेवारी 1913 रोजी चित्रकार अमृता शेरगिलचा जन्म झाला. आई हंगेरियन, वडील पंजाबी शीख. आठ वर्षांची होईपर्यंत ती हंगेरीतच वाढली. पुढे सिमला, मग पॅरिस. तिच्या 'तीन मुली' या चित्राला 1937मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. मुंबईहून पुढे ती अजिंठ्याला गेली, आणि तिच्या नंतरच्या चित्रांतल्या सपाट लाल-तपकिरी रंगांत अजिंठा दिसतो. 'तीन मुली' मी दिल्लीला बघितलं आहे. तीन मुली शेजारी शेजारी बसलेल्या, तिघींच्या नजरा खाली. वर्गात अशा मुली कितीतरी बघितल्या. कुणी विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत. अमृता गेली तेव्हा 28 वर्षांची होती, लाहोरला, 1941 साली.

इमारतीत आत जाता येत नाही. मी चर्चच्या पायरीवर बसून दार काढलं आणि रंगही भरले. दाराबाहेर एक आजोबा जिना झाडत होते. मी "अमृता शेरगिल?" असं विचारलं. त्यांनी मान डोलावली, वरच्या खिडक्यांकडे बोट फिरवलं आणि पुन्हा झाडू घेतला.

नववा दिवस : बुडापेस्ट

सेचेन्यी स्नानगृहाच्या गरम पाण्यात पाय मोकळे केले. बाहेर वाफ, पाण्यात बुद्धिबळ खेळणारे म्हातारे. परतताना मेट्रोची पहिली मार्गिका, 1896ची. युरोपच्या मुख्य भूमीवरची ती पहिली भुयारी रेल्वे. दुपारी लांगोश खाल्ला: तळलेली पुरीसारखी जाड रोटी, वर लसूण आणि चीज. चटणी संपली होती, नाहीतर लावली असती.

दहावा दिवस : परत

विमानात वहीची सहा पानं उरली होती. शेजारचे गृहस्थ झोपले होते. मी वरचा छोटा दिवा लावला आणि माझ्या मुलांची नावं लिहायला घेतली. पाचवी अ पासून, पहिल्या वर्षीच्या पहिल्या वर्गापासून, हजेरीच्या क्रमाने. जिथे क्रम आठवला नाही तिथे बाकांच्या क्रमाने. दोहा येईपर्यंत 212 झाली.

एक मुलगी आठवतेय, पण तिचं नाव लिहिता येईना. सातवी ब, मागचा बाक, डावखुरी. स्मरणचित्राला बाजार विषय दिला तर तिने बाजार काढलाच नाही. एक रिकामी चूल काढली आणि तिच्याशेजारी पाठमोरी बसलेली बाई. मी तिला विषय सोडलास म्हणून गुण कमी दिले होते. चूल कुठल्या कोपऱ्यात होती, बाईच्या पदराला कुठला रंग दिला होता, सगळं आठवतंय. शाळेत जुनी हजेरीपुस्तकं माळ्यावर ठेवलेली असतात. सोमवारी जाऊन विचारणार आहे.